डाळीचे ताट

रात्री अकरा, एक, तीन आणि पहाटे पाच असा चार वेळा आमच्या घरी गजर होतो. गजर झाला की आम्ही उठतो, मंद दिवा लावतो आणि आमच्या सौभाग्यवतीला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवतो. पाठीमागे एक उशी, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये एक, लुळ्या पडलेल्या उजव्या हाताखाली एक आणि टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली एक, अशी उशांची मांडणी झाली की माकडहाडाजवळची आणि टाचांची कातडी निरखून पाहतो. कातडी लाल दिसली आणि बोटाने दाबूनही तो लालपणा क्षणभर फिका पडला नाही, तर ती शय्याव्रणाची पहिली वर्दी समजावी. तसे काही नसल्याची खात्री झाली म्हणजे दिवा मालवतो. सहा वर्षांहून अधिक काळ हा क्रम चालू आहे. या क्रमाने आमच्याच घरातील एक जुनी गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. तीच येथे सांगावयाची आहे.

२०१९ सालच्या श्रावणातील गोष्ट. सोमवारचा उपास झाला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे ही पाणी पिण्यासाठी उठली आणि पेला हातातून गळून पडला. बोलताना जीभ जड झाली होती आणि ओठाचा उजवा कोपरा खाली ओढल्यासारखा दिसत होता. आम्ही समजलो, उपासाचे पित्त असेल, नाहीतर वाऱ्याचा काही प्रकार. लसूण घालून तेल कढवले, हाताला चोळले आणि ‘उजाडले की डॉक्टरांकडे जाऊ’ असे म्हणून हिला निजवले. उजाडल्यावर पाहतो तो उजवे अंग साफ लुळे. रुग्णालयात पोहोचून तपासण्या होईपर्यंत सहा तास उलटून गेले होते. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, हे आम्हाला तेथे कळले. तेव्हा वाचकांना हात जोडून सांगणे आहे: चेहरा एका बाजूस ओघळणे, उचललेला हात आपोआप खाली येणे, बोलणे अडखळणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी घड्याळात वेळ पाहावी आणि तत्क्षणी १०८ क्रमांकावर फोन करावा. तेल कढवत बसू नये.

हातपाय गेले याचे दुःख होतेच, परंतु वाचा गेली याचे दुःख अधिक. बहुतेक माणसांच्या बाबतीत वाणीचे केंद्र मेंदूच्या डाव्या भागात असते आणि शरीराच्या उजव्या बाजूवर हुकमतही त्याच भागाची चालते. म्हणून उजवे अंग आणि वाणी ही पुष्कळदा एकदमच जातात. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यवैद्याने १८६१ मध्ये पॅरिसला अशाच एका रुग्णाची हकीगत विद्वानांपुढे मांडली होती. त्या बिचाऱ्याला ‘टॅन’ एवढाच उच्चार करता येई. त्याच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला, तेव्हा डाव्या पुढच्या भागात इजा आढळली. त्या माणसाजवळ जसा एक ‘टॅन’ उरला होता, तसा हिच्याजवळ एक शब्द उरला, ‘अहो’. तहान लागली तरी ‘अहो’, खिडकी लावावयाची असली तरी ‘अहो’, आणि आमच्या हातून काही वेंधळेपणा झाला तरी ‘अहो’च. पहिले काही महिने तर होकारासाठी मान हलवावयाची आणि नकारासाठी कशी, याचाही घोटाळा होई. कोणी पाटी आणून दिली, म्हणाले, बोलता येत नाही तर डाव्या हाताने लिहू दे. परंतु लिहिणेही त्याच झऱ्याचे पाणी. झराच आटला, तेथे पाटी काय करणार?

मात्र एक नवल घडले. हिने येथल्या एका मराठी शाळेत ३१ वर्षे गणित शिकवले होते. एके दिवशी पलंगाशी बसून आम्ही सहज ‘बे एके बे’ म्हणालो, तो हिने पुढे ‘बे दुणे चार’ पासून ‘बे दाहे वीस’ पर्यंत पाढा अस्खलित म्हणून टाकला. रामरक्षाही येते, आठवड्याचे वारही येतात. डॉक्टर म्हणाले, जे पाठ झाले आहे आणि ज्याला चाल आहे ते वेगळ्या वाटेने बाहेर पडते. या आधारावर गाण्याच्या चालीवर बोलावयास शिकवण्याची एक उपचारपद्धती अमेरिकेत बोस्टनला काढण्यात आली आणि १९७३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. हिला त्या उपचाराने चारदोन शब्द मिळाले, अधिक नाही. परंतु हिने स्वतःच एक युक्ती शोधून काढली. गुरुवार सांगावयाचा असला म्हणजे ही रविवारपासून सुरुवात करते आणि गुरुवारपाशी थांबते. तीन हा आकडा हवा असला की ‘एक, दोन, तीन’ म्हणून थांबते. ऐकणाऱ्याला थांबण्याचा धीर असला की उत्तर मिळते. हा धीर आमच्या अंगी नव्हता. त्याचीच ही सारी कथा आहे.

दिवसाचा क्रम सांगतो. सकाळी सहाला तोंड धुणे, सातला कमोडच्या खुर्चीवर बसवणे, मग स्नान. आमच्या भागात नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, म्हणून चादरी, दुपटी आणि अभ्रे यांचा हिशेब पाण्याच्या दिवसावर बांधलेला. पलंगावरून खुर्चीत घेताना चाकांची खुर्ची हिच्या धडक्या अंगाला, म्हणजे डावीकडे, लावावयाची, दोन्ही कळा दाबून चाके अडवावयाची, पाय ठेवण्याच्या पट्ट्या बाजूस सारावयाच्या आणि आपले गुडघे वाकवून, कमरेला धरून, हिच्या डाव्या पायावर भार देत फिरवावयाचे. लुळा हात धरून कधीही ओढू नये. हे आम्हास ठाऊक नव्हते. पहिल्या पंधरवड्यात आम्ही तो हात धरून ओढला, खांद्याचा सांधा सैल झाला आणि पुढे सहा महिने ही त्या खांद्याने रात्री कण्हत होती. कपड्याचाही नियम आहे: घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. जेवताना पाठ ताठ आणि हनुवटी किंचित खाली. पातळ पाण्याचा ठसका लागून ते श्वासनलिकेत जाण्याचे भय असते, म्हणून प्रथम पाण्याऐवजी घट्ट पेज द्यावी लागे. जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ द्यावयाचे नाही. दुपारी व्यायाम: बोटे, मनगट, कोपर, घोटा, एकेक सांधा दहा वेळा. तो चुकला की सांधे आखडतात.

हे सर्व आम्ही करतो असे कळल्यावर लोक आमची स्तुती करतात. गणेशोत्सवात भेटलेले एक गृहस्थ म्हणाले, “सत्यवानाने सावित्रीची सेवा केल्याचे आम्ही आपल्याच घरी पाहिले.” चार माणसांत हे ऐकून आम्हास, खोटे कशाला बोलावे, बरे वाटले. घरी येऊन तो विनोद म्हणून हिला सांगितला. ही हसली नाही. भिंतीवर आमच्या मातोश्रींची तसबीर आहे, तिच्याकडे हिने डावे बोट दाखवले आणि म्हणाली, “अहो.” आम्हाला वाटले, तसबिरीचा हार सुकला आहे, तो काढावयास सांगते आहे. आम्ही हार काढला. ही मान हलवत राहिली. आम्ही कंटाळून स्वयंपाकघरात गेलो. तो विषय तेथेच राहिला.

१९८६ साली आमच्या मातोश्री मोरीत पाय घसरून पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. वय आणि प्रकृती पाहून शस्त्रक्रिया झाली नाही. त्या चार वर्षे अंथरुणावर होत्या, १९९० मध्ये गेल्या. त्या चार वर्षांत त्यांच्या पाठीवर एकही जखम झाली नाही. आम्ही हे पुष्कळ ठिकाणी अभिमानाने सांगितले आहे आणि त्याचे श्रेय मातोश्रींच्या पुण्याईला दिले आहे. घरात सून होती, ती सकाळी स्वयंपाक करून अकराला शाळेत जाई आणि पाचला परत येई, इतकेच आम्ही पाहिले होते. रात्री ती किती वेळा उठत असे, हे आम्ही पाहिले नाही, कारण त्या वेळी आम्ही झोपलेले असू. घरात गजराचे घड्याळदेखील नव्हते.

आणखी एक आठवण आहे. शाळेत जाण्यापूर्वी ही मातोश्रींच्या पाठीशी तक्के लावून त्यांना बसवी आणि तुरीच्या डाळीचे ताट त्यांच्यापुढे ठेवी. मातोश्रींना मोतीबिंदू, हात कापरे. दुपारभर त्या एकेक खडा चाचपडत असत. संध्याकाळी निम्मे खडे ताटातच असत आणि पुष्कळशी चांगली डाळ जमिनीवर सांडलेली असे. रात्री दिव्याखाली ही तेच ताट पुन्हा निवडावयास बसे. एकदा आम्ही रागावलो. म्हणालो, “अंथरुणावरच्या माणसाला कामाला जुंपतेस? लोक काय म्हणतील? आणि शेवटी करायचं तुलाच!” ही खाली मान घालून डाळ निवडत म्हणाली, “निवडीन की मी. पण जेवताना त्या मला विचारतात, आमटी कशी झालीय गं? ते विचारायला त्यांना काही हवं ना.” आम्हाला हे बायकी हट्टाचे बोलणे वाटले. आम्ही वर्तमानपत्र उघडले.

आता २०२० च्या उन्हाळ्याकडे येतो. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी झाली. हिच्यासाठी येणारी बाई येईना, व्यायाम घेणारे गृहस्थ दूरध्वनीच्या पडद्यावरून सूचना देऊ लागले, मुलगा पुण्यात अडकलेला. आमचे इंदूर त्या वेळी साथीने हवालदिल झाले होते. उठवणे, धुणे, भरवणे, सारे एकट्यावर आले. आम्ही वेगाने काम उरकण्यास शिकलो. स्नान बारा मिनिटांत, जेवण पंधरा मिनिटांत. या वेगाचाही आम्हास गर्व वाटू लागला होता.

वैशाखातील एका दुपारी आम्ही वरण-भात कालवून भरवीत होतो. हिने डाव्या हाताने चमचा धरला. आम्ही तो सोडवून घेतला, कारण ही खाते तेव्हा निम्मे अंगावर सांडते आणि मग चादर बदलावी लागते, आणि त्या दिवशी नळाला पाणी येण्याचा दिवस नव्हता. हिने पुन्हा चमचा धरला. आम्ही पुन्हा सोडवला. तिसऱ्या वेळी हिने ताटच उलथवले. भात चादरीवर, भिंतीवर, आमच्या सदऱ्यावर. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात जे कधी केले नव्हते ते आम्ही त्या दिवशी केले. हात उगारला. तो खाली आणला नाही, इतकीच देवाची कृपा. “राहा मग उपाशी!” असे ओरडून आम्ही दार ओढून घेतले आणि ओसरीवर जाऊन बसलो.

ओसरीवर बसल्यावर पाय थरथरू लागले. एक वेडा विचार मनात येऊन गेला, की ही त्या पहाटेच गेली असती तर बरे झाले असते. हे वाक्य लिहिताना लाज वाटते. परंतु अशा घरांतून राहणाऱ्या पुष्कळांच्या मनात तो विचार येत असेल आणि ते स्वतःला राक्षस समजत असतील, म्हणून लिहिले. विचार येतो. तो आला म्हणून माणूस राक्षस होत नाही. तो आला की कोणाजवळ तरी बोलावे आणि दोन रात्री झोप मिळेल अशी काही व्यवस्था करावी, एवढे आता आम्हाला कळते. त्या वेळी कळत नव्हते.

तासाभराने आत गेलो. ही डाव्या कुशीकडे कलून बसली होती आणि चादरीवर सांडलेली शिते अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरून एकेक ताटात टाकीत होती. बरीचशी चादर स्वच्छ झाली होती. आम्ही दारातच उभे राहिलो. ती चिमूट, ते सावकाश हलणारे मनगट, ताटाच्या काठावर होणारा तो बारीक आवाज, हे सारे आम्ही पूर्वी पाहिले होते. मातोश्रींचा हात असाच ताटावर फिरत असे. तेव्हा एकदम ध्यानात आले की हिने तसबिरीकडे बोट दाखवले होते ते हारासाठी नव्हते. चार वर्षे रात्री तीन-तीन वेळा उठून जिने आमच्या आईला कुशीवर वळवले, तिला सावित्री म्हणावयास कोणी आले नव्हते. बाहेरचे तर नाहीच, आम्हीही नाही. पुरुषाने केले की तप, बाईने केले की घरकाम.

आम्ही हिच्या पायाशी बसलो. काय बोलावे ते सुचेना. शेवटी म्हणालो, “आईची कूस रात्री किती वेळा बदलत होतीस?” हिने आमच्याकडे पाहिले आणि म्हणू लागली, “एक, दोन, तीन…” आणि थांबली. तीन. आम्ही झोपलो होतो त्या तीन वेळा, चार वर्षे, प्रत्येक रात्री.

दुसऱ्या दिवशी आम्ही हिच्या पुढ्यात डाळीचे ताट ठेवले. हिने ताटाकडे पाहिले, मग आमच्याकडे, आणि “अहो” म्हणाली. हिच्या ‘अहो’च्या सर्व परी आम्हाला ठाऊक आहेत असे आम्ही समजत होतो. ही नवी होती.

त्यानंतर घरातला वेग गेला. जेवणाला आता पन्नास मिनिटे लागतात. चमचा हिच्याच हातात असतो, त्याची मूठ कापड गुंडाळून जाड केली आहे, आणि ताटाखाली ओले फडके घातले की ते सरकत नाही. सांडते ते सांडते. केस हीच विंचरते, तेही डाव्याच हाताने, आणि भांग वाकडा पडला तरी आम्ही हात लावत नाही. हल्ली डाळ पाकिटातून येते, तिच्यात खडे कसले मिळणार? म्हणून आपल्या माळव्यातील रीतीप्रमाणे उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरतो आणि ते हिच्याकडे निवडावयास देतो. हिचे निवडलेले गहू आम्ही पुन्हा पाहत नाही. नजर हिचीच तीक्ष्ण आहे.

मध्यंतरी दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तपासणीस गेलो होतो. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगतेचे सात प्रकार होते आणि वाचेचा त्यांत स्वतंत्र प्रकार नव्हता. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत आणि वाचा व भाषा यांची दिव्यांगता त्यांत आली आहे. मेंदूच्या इजेमुळे येणाऱ्या वाचाघाताचा तेथे नावाने उल्लेख आहे. तेथल्या एका गृहस्थांनी हिच्यासमोरच आम्हाला हिंदीत विचारले, “यांना काही समजते का?” आम्ही उत्तर देण्यास तोंड उघडले आणि मिटले. क्षणभर शांतता झाली. मग हिने त्या गृहस्थांकडे रोखून पाहिले आणि एकोणतिसाचा पाढा सुरू केला. ‘एकोणतीस दाहे दोनशे नव्वद’ पर्यंत एकही चूक झाली नाही. ते गृहस्थ ओशाळले, मग हसले, आणि पुढचे सारे प्रश्न त्यांनी हिलाच विचारले.

आमच्या मंडळींत अशा घरी समाचाराला जाण्याची रीत आहे. ती चांगली आहे, ती मोडू नये. फक्त इतकेच करावे: खुर्ची आजारी माणसाच्या समोर घ्यावी, प्रश्न त्यालाच विचारावा, आणि विचारल्यावर थांबावे. आपल्याला ते थांबणे फार लांबल्यासारखे वाटते. त्याला ते अपुरे पडत असते. आणि निघताना, जे माणूस रात्री उठते ते बाई असली तरीही, तिच्या हाती दोन तास द्यावे. “तुम्ही जरा पडा, मी बसतो” एवढे म्हणावे. आमच्या शेजारच्या वहिनी दर गुरुवारी दुपारी येऊन बसतात. त्या दोन तासांत हा लेख झाला.

लिहून झाल्यावर तो हिला वाचून दाखवला. हात उगारल्याचा मजकूर काढू का, म्हणून विचारले. हिने नाही म्हटले. त्याआधी आम्ही हिच्याविषयी एके ठिकाणी ‘बिचारी’ असे लिहिले होते, तेथे मात्र हिने कागदावर बोट ठेवले आणि ते उचलेना. तो शब्द खोडला. ब्रोकाच्या रुग्णापुढचा तसाच राहिला आहे, त्याला विचारणे आता शक्य नाही.

आतून हाक आली आहे. ही हाक आम्ही ओळखतो, एका कुशीवर फार वेळ झाला. लेखणी ठेवतो.